नागराज मोठा की ध्रुव?

पाठ-प्रवेश

आवडत्या नायकासाठी कधीच भांडला नाही, असा माणूस विरळा. कुणी नटासाठी भांडतो, कुणी क्रिकेटपटूसाठी. कॉमिक्स वाचणाऱ्यांचे आणि कार्टून पाहणाऱ्यांचे भांडण थोडे वेगळे असते, कारण त्यांचा नायक मुळात अस्तित्वातच नसतो. त्याच्याविषयी जे काही आहे ते सारे कागदावर छापलेले किंवा पडद्यावर दाखवलेले असते आणि ते कुणालाही उघडून दाखवता येते. मत कसे बनते, त्याला आधार कसा द्यायचा, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच हा विषय सोयीचा आहे. हा पाठ वाचून झाल्यावर आवड आणि मत यांतील फरक तुम्ही सांगू शकाल आणि स्वतःचे मत पुराव्यासह लिहू शकाल.

पाठातील मामा-भाच्याचा प्रसंग कल्पित आहे. त्यात आलेली कॉमिक्स, त्यांचे लेखक, चित्रकार आणि साले मात्र खरी आहेत.

मूळ पाठ

लखनौ शहराच्या दक्षिणेला, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. जवळच लष्कराची छावणी आहे आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की संजय गांधी संस्थेचे मोठे रुग्णालय लागते. मराठी माणसांना लखनौ परके नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले, हे तुम्हांला ठाऊक असेल. अर्थात सगळेच काही संगीतासाठी तिकडे गेले नाहीत. कुणी फौजेतल्या नोकरीमुळे गेले, कुणी रेल्वेच्या, आणि पुढे तेथलेच झाले. अशा एका घरी दिवाळीची साफसफाई चालू आहे, असे समजा.

माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली. तिच्यात दीड-दोनशे कॉमिक्स होती. काहींची मुखपृष्ठे गेलेली, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. रद्दीवाला दारात उभा होता.

"मामा, ही ट्रंक देऊन टाकायची, असं आई म्हणते," भाचा म्हणाला.

मामा पंचेचाळिशीचा. आठवीत असताना शाळा सुटली, तेव्हापासून तो दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. या वर्षी त्याने मुक्त विद्यालयाचा दहावीचा अर्ज भरला आहे. भाचाही दहावीतच आहे. एकाच घरात एकाच इयत्तेचे दोन विद्यार्थी, आणि दोघांच्या वयात तीस वर्षांचे अंतर!

"ताई, त्याला जरा थांबायला सांग," मामा म्हणाला, आणि ट्रंकेपाशी फतकल मारून बसला.

ही कॉमिक्स एवढी कोठून आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० आणि १९९० च्या दशकांत उत्तर भारतातील लहानमोठ्या गावांत कॉमिक्स भाड्याने देणारी दुकाने होती. दुकान कसले, बहुधा पानाच्या किंवा किराणाच्या टपरीचा एक कोपरा. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स टांगलेली असत. दिवसाचे भाडे चार आणे, आठ आणे, फार तर रुपया. विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते अशा हजारो मुलांनी ती तेथेच बाकावर बसून वाचली. पुढे घरोघरी दूरदर्शनच्या जोडीला केबल वाहिन्या आल्या, मग मोबाइल आला, आणि त्या दोऱ्या ओस पडल्या. दुकाने मोडली तेव्हा मालकांनी जुने अंक पडेल किमतीला विकले. मामाची ट्रंक अशीच भरली होती.

भाच्याने वरचे एक कॉमिक उचलले. हिरव्या अंगाचा, खवल्यांच्या कातडीचा नागराज त्याने चित्रफितींत पाहिला होता.

"हा सगळ्यांत भारी आहे," तो म्हणाला.

"भारी असेल. पण सगळ्यांत मोठा ध्रुव," मामा म्हणाला.

येथून वादाला तोंड फुटले. वाद ऐकण्यापूर्वी या दोन नायकांची ओळख करून घेऊ.

भारतीय वाचकाला मुखवटा घातलेला नायक परदेशातून आधी मिळाला. ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकेत १९३६ मध्ये सुरू झाला. मुंबईहून १९६४ मध्ये निघू लागलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने तो 'वेताळ' या नावाने घराघरांत पोहोचवला. ही मालिका मराठीतही निघत असे. फँटमचा मूळ देश 'बंगाला'; तो ऐकून वाचकाला आपला बंगाल आठवेल, म्हणून येथे त्याचे 'डेंकाली' करण्यात आले. वेताळ हे नाव तर आपल्या गोष्टींतलेच. नाव बदलले की परका नायक अर्धा आपला होतो, हे तेव्हाच्या संपादकांनी बरोबर ओळखले होते. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले.

त्याआधीच दिल्लीत 'राज कॉमिक्स' सुरू झाले होते. १९८६ मध्ये त्यांचा नागराज आला. पहिली कथा परशुराम शर्मा यांची आणि चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांची. मुळीकांनी 'अमर चित्र कथे'साठीही अनेक अंक चितारले होते. हिंदी मुलुखातील मुलांनी ज्या नागराजावर जीव टाकला, त्याचा बांधा आणि चेहरा एका पुणेकर हाताने घडवला होता, हे महाराष्ट्रातही फार थोड्यांना माहीत असते. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, 'प्रतिशोध की ज्वाला' या अंकातून सुपर कमांडो ध्रुव आला. त्याचे लेखन आणि चित्रे दोन्ही अनुपम सिन्हा यांची.

नागराजाच्या देहात असंख्य सर्प वास करतात. त्याच्या फुंकरीत विष आहे. ध्रुवाजवळ असे काही नाही. तो सर्कशीत वाढलेला मुलगा. प्रतिस्पर्धी सर्कशीने लावलेल्या आगीत त्याचे आईवडील गेले. एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला मुलासारखे वाढवले. मोटारसायकल, कमरपट्ट्यातील काही साधने, कसरतीचे अंग आणि विज्ञानाचे ज्ञान यांच्या जोरावर तो लढतो.

आता वाद ऐका.

"नागराज आणि ध्रुव समोरासमोर आले तर कोण जिंकेल? नागराजच," भाचा म्हणाला. "मग मोठा कोण? नागराज."

मामाने मान हलवली. "कोण जिंकेल हा एक प्रश्न, आणि मोठा कोण हा दुसरा. आमच्या दुकानात सगळ्यांत जास्त ताकद असलेला पोऱ्या चाकं उचलतो. पण गाडी का बंद पडली, हे त्याला कळत नाही."

"म्हणजे तुला ध्रुव आवडतो, एवढंच."

"आवडतोच. पण का, तेही सांगतो." मामाने अंक उघडला. "हे बघ. समोरचा याच्याहून ताकदवान आहे. मग हा काय करतो? आजूबाजूला काय आहे ते बघतो. पाण्याचा नळ, विजेची तार, रिकामं पिंप. असल्या वस्तूंनी तो सुटतो. विजेच्या तारेला ओल्या हातानं शिवू नये, आणि का शिवू नये, हे मला शाळेत कळायच्या आधी ध्रुवानं शिकवलं."

येथे थोडे थांबा. भाच्याचे पहिले विधान आणि मामाचे शेवटचे विधान शेजारी ठेवून पाहा. 'भारी आहे' असे म्हटल्यावर ऐकणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच म्हणता येते. चर्चा पुढे सरकत नाही. मामाने मात्र पान उघडून दाखवले. आता भाच्याला ते पान तपासता येईल, त्याचा अर्थ वेगळा लावता येईल, दुसरे पान पुढे करता येईल. जे तपासता येते आणि ज्याला उत्तर देता येते, ते मत. आवडीला कारण लागत नाही, मताला लागते. शिवाय 'मोठा' या शब्दाचा अर्थ दोघे वेगवेगळा घेत होते, हे मामाने आधीच उघड केले. अर्धे वाद शब्दांचे असतात.

> पाठगत प्रश्न
> १. 'इंद्रजाल कॉमिक्स'ने 'बंगाला' हे नाव का बदलले?
> २. मामा आणि भाचा 'मोठा' या शब्दाचा कोणता वेगवेगळा अर्थ घेतात?

भाचाही काही कच्चा नव्हता. त्याने ट्रंक उपसून नागराजाचा पहिला अंक शोधला आणि तेथेच बसून वाचून काढला. साफसफाई खोळंबली.

"मामा, ध्रुवाला घर मिळालं, वडील मिळाले, शिक्षण मिळालं," तो म्हणाला. "नागराजाला काय मिळालं? त्याला तर त्या प्रोफेसर नागमणीनं शस्त्र म्हणून तयार केला. दहशतवाद्यांना भाड्यानं देण्यासाठी. त्याच्या डोक्यात यंत्र बसवलं होतं. गोरखनाथांनी ते काढलं, तेव्हा कुठं तो माणसात आला. आणि मग ज्यांच्यासाठी तो बनवला गेला, त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. हे मोठेपण नाही का?"

मामा बराच वेळ गप्प राहिला. हा अंक त्याने पन्नासदा तरी वाचला असेल, पण नागराजाकडे या बाजूने त्याने कधी पाहिले नव्हते.

"हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं," तो म्हणाला.

चाहत्यांच्या वादात हे वाक्य क्वचित ऐकू येते. बहुतेक वाद आवाज चढवून किंवा डोकी मोजून संपवले जातात. डोकी मोजण्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत बॅटमॅनच्या प्रकाशकांनी वाचकांना विचारले, की बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन जगावा की मरावा? दोन दूरध्वनी क्रमांक दिले. हजारो वाचकांनी पैसे मोजून फोन केले. जगावा म्हणणारे ५,२७१ आणि मरावा म्हणणारे ५,३४३. अवघ्या ७२ मतांनी रॉबिन मारला गेला. हे फोन होते, माणसे नव्हेत. एकाच माणसाने दहा वेळा फोन केला तरी तो दहादा मोजला जाई. आणि का मरावा, हे कुणालाही सांगावे लागले नाही. संख्या कळली, कारण कळले नाही. यापेक्षा वाचकांची पत्रे बरी. राज कॉमिक्सच्या अंकांत 'ग्रीन पेज' नावाचे एक पान असे. त्यातून संपादक वाचकांशी बोलत. खेड्यापाड्यांतील मुलांना आपल्या मताला कुणी उत्तर देते, हा अनुभव अशा पानांमधून पहिल्यांदा मिळाला.

एवढ्यात ताई आतून आली. तिचे मत या दोघांहून वेगळे होते.

"तुम्ही कोण मोठा ते ठरवा. मी एवढंच म्हणते, की हे सगळं मुलांना बिघडवणारं आहे. याच्यापायीच तुझी शाळा सुटली."

हा आरोप जुना आहे. त्यात आईवडिलांची खरी काळजी असते, म्हणून तो हसून सोडून देता येत नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात, असे सांगणारे पुस्तक लिहिले. त्याचा एवढा गाजावाजा झाला, की प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर कडक नियमावली घालून घेतली. डॉक्टर म्हणतो म्हणजे खरेच असेल, असे लोकांनी धरले. पुढे वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या संशोधिकेने ती तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिले, की वर्थम यांनी मुलांची निवेदने अनेक ठिकाणी बदलली होती, सोयीचे ठेवून गैरसोयीचे गाळले होते. मत तज्ज्ञाचे असले तरी त्याच्याजवळही पान उघडून मागावे लागते, ते यासाठी.

मग ताईचे म्हणणे अगदीच खोटे का? तसेही नाही. 'शक्तिमान' ही मुकेश खन्ना यांची मालिका दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात चालली. शक्तिमान वाचवायला येईल या विश्वासाने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत आल्या. त्या बातम्यांच्या खरेपणाबद्दल वाद झाला, परंतु पडद्यावर दिसते ते कॅमेऱ्याचे कसब आहे, अशी साहसे करू नका, असे नायकाला मुलांना समजावून सांगावे लागले. सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट आणि वस्तुस्थिती यांतली रेषा मोठ्या माणसाइतकी स्पष्ट दिसत नाही. त्याच्याशेजारी बसून कुणीतरी ती दाखवावी लागते.

"माझी शाळा कॉमिक्समुळे नाही सुटली, ताई," मामा हळू आवाजात म्हणाला. "बाबा आजारी पडले म्हणून सुटली. तुलाही ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर वाचायचं म्हणून माझ्यापाशी हेच होतं. हे नसतं तर अक्षरं विसरलो असतो, आणि या वर्षी अर्ज भरायला दुसरं कुणी लागलं असतं."

ताई काही बोलली नाही. तिने पदराने एका अंकावरची धूळ पुसली आणि तो उलटून पाहिला. मुखपृष्ठावर कुत्र्याच्या तोंडाचा मुखवटा घातलेला, हातात बंदूक घेतलेला एक धिप्पाड माणूस होता.

"आणि हा कोण? हासुद्धा नायकच का?"

तो डोगा. १९९० च्या दशकाच्या आरंभी आलेला हा नायक मुंबईत राहतो. कचऱ्याच्या ढिगात सापडलेले मूल एका डाकूने नेले. मोठेपणी ते गुन्हेगारांचा काळ बनले. नागराज आणि ध्रुव यांच्याइतकाच चाहतावर्ग डोगालाही मिळाला. त्याची मुंबई दिल्लीत छापलेली असली, तरी लखनौच्या मुलांना मुंबईची पहिली ओळख अनेकदा तिच्यातूनच झाली. डोगा गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करीत नाही. तो तेथेच निकाल लावतो. ध्रुव कुणाचा जीव घेत नाही. नागराज की ध्रुव या वादापेक्षा ध्रुव की डोगा हा वाद अधिक खोल आहे, कारण त्यात नायक निमित्तमात्र आहेत. प्रश्न न्यायाचा आहे.

"डोगाच बरोबर," भाचा म्हणाला. "खटले वीस वीस वर्षं चालतात. तोवर गुंड मोकळे."

"मलाही तुझ्या वयात असंच वाटायचं," मामा म्हणाला. "मग एकदा दुकानातून एक मोटारसायकल चोरीला गेली. सगळ्यांनी एका पोराला धरला. मीही दोन लगावल्या. चार दिवसांनी गाडी सापडली. त्यानं घेतलीच नव्हती."

भाचा थांबला.

"डोगाच्या गोष्टीत समोरचा दोषी आहे, हे आपल्याला आधीच दाखवलेलं असतं," मामा पुढे म्हणाला. "लेखकानंच दाखवलेलं असतं. म्हणून डोगाची गोळी कधी चुकत नाही. आपल्याला असं आधी कोण दाखवणार?"

हा मुद्दा नीट पाहण्यासारखा आहे. कथेतील नायकाला लेखकाचे साहाय्य असते. गुन्हा कुणी केला हे वाचकाने चौथ्या पानावर पाहिलेले असते, म्हणून चाळिसाव्या पानावर शिक्षा झाली की त्याला न्याय झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते चौथे पान कुणाजवळही नसते; ते शोधण्यासाठीच साक्षी, पुरावे आणि न्यायालय लागते. असे असूनही भाच्याची तक्रार खोटी ठरत नाही. खटले रेंगाळतात, ही वस्तुस्थिती आहे, आणि डोगा लोकप्रिय का झाला याचे उत्तर त्या वस्तुस्थितीत आहे. चाहत्यांची मते ऐकताना ते नायकाबद्दल काय म्हणतात याबरोबर स्वतःच्या जगण्याबद्दल काय सांगून जातात, तेही ऐकावे.

नायक आपला की परका, हाही चाहत्यांचा एक आवडता वाद. २००४ मध्ये स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली. तिच्यात पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, तो मुंबईत राहू लागला आणि धोतर नेसून इमारतींवरून झेपावू लागला. धोतराने नायक भारतीय होतो का, यावर मते सहज मिळतील. ध्रुव कधी धोतर नेसला नाही. तरी तो परका आहे, असे त्याच्या वाचकांना वाटले नाही.

रद्दीवाला कंटाळून निघून गेला होता. संध्याकाळी तो पुन्हा आला तेव्हा ताईने तोडगा काढला. ज्या अंकांच्या दोन प्रती होत्या, त्यांतली एकेक प्रत गेली. उरलेली ट्रंक पुसून पलंगाखाली सरकवली.

रात्री मामाने वही उघडली. परीक्षेच्या सरावासाठी निबंधाचा विषय होता, 'माझा आवडता नायक'. त्याने पहिले वाक्य लिहिले : 'सुपर कमांडो ध्रुव हा सर्वांत मोठा नायक आहे.' थोडा वेळ तो पेन हातात धरून बसला. मग 'सर्वांत मोठा' हे शब्द खोडून त्याने वर लिहिले : 'मला जवळचा वाटणारा'. खाली पुढचे वाक्य आले : 'याची कारणे तीन आहेत, परंतु माझ्या भाच्याचे म्हणणे वेगळे आहे, तेही मी येथे नोंदवतो.'

शब्दार्थ

विरळा – क्वचित आढळणारा
फतकल मारणे – ऐसपैस मांडी घालून बसणे
वादाला तोंड फुटणे – वाद सुरू होणे
काळ बनणे – नाश करणारा होणे
निमित्तमात्र – केवळ नावापुरते कारण असलेला
तोडगा – अडचणीतून काढलेला मार्ग

स्वाध्याय

१. 'संख्या कळली, कारण कळले नाही' हे वाक्य कोणत्या घटनेसंबंधी आहे? ती घटना चार-पाच वाक्यांत लिहा.

२. ताईचा आरोप आणि मामाचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा. ताईच्या म्हणण्यातील कोणता भाग तुम्हांला पटतो?

३. ध्रुव आणि डोगा यांच्या न्यायाच्या कल्पनांत कोणता फरक आहे? तुमचे मत आठ-दहा ओळींत मांडा. तुमच्या विरुद्ध मताचे एक कारणही त्यात लिहा.

४. पुढील विधानांपैकी आवड कोणती, मत कोणते आणि वस्तुस्थिती कोणती ते ओळखा :
(अ) नागराजाची पहिली चित्रे प्रताप मुळीक यांनी काढली.
(आ) मला कार्टून बघायला फार मजा येते.
(इ) लाडू खाऊन बळ मिळवणाऱ्या छोटा भीमपेक्षा युक्तीने सुटणारा ध्रुव मुलांना अधिक शिकवतो, कारण युक्ती त्यांना करून पाहता येते.

५. तुमच्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी एखाद्या नायकाविषयी झालेला वाद आठवा. तो संवादरूपाने लिहा. त्यात कुणी आपले मत बदलले असल्यास कोणत्या कारणामुळे बदलले, तेही नोंदवा.